पाठीवरचा संगणक : वजन की वेग?

दहावी-बारावीचे निकाल लागले की 'लॅपटॉप कोणता घ्यावा?' हा प्रश्न घरोघरी निघतो. वडीलधाऱ्यांचे मत बहुधा ठरलेले असते: 'एकदाच घ्यायचा तर चांगला दणकट, वेगवान घ्या, पुढची चार-पाच वर्षे बघायला नको.' या मताशी मी सहमत नाही. का, ते विद्यार्थी मित्रांना पटते का पाहू.

प्रथम वजन पाहू. केंद्र सरकारच्या 2020 च्या धोरणानुसार शालेय दप्तर विद्यार्थ्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जड असू नये. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये काढलेल्या आदेशातही प्रमाण हेच होते. म्हणजे 45 किलो वजनाच्या मुलीने साडेचार किलोपर्यंतच ओझे वाहावे. 'गेमिंग'साठी म्हणून विकला जाणारा लॅपटॉप सुमारे अडीच किलोचा असतो आणि त्याच्या चार्जरची वीट अर्ध्या किलोच्या पुढे जाते. उरलेल्या दीड किलोत वह्या, डबा आणि पाणी! एक लिटर पाणीच एक किलोचे असते. आमच्या रोडपालीहून मुंबईच्या बाजूला कॉलेजला जायचे, तर रिक्षा किंवा बस पकडून मानसरोवर नाहीतर पनवेल स्थानक गाठावे लागते. पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत तासाहून अधिक काळ लोकलमध्ये, तोही अनेकदा उभ्याने. असा जड लॅपटॉप आठवडाभर कॉलेजात जातो आणि पुढे घरीच राहतो, हे मी वर्गात दरवर्षी पाहतो.

मग हलक्या यंत्रातच वेगवान प्रोसेसर का बसवत नाहीत? बसवतात, पण तेथे पदार्थविज्ञान आडवे येते. प्रोसेसरला लागणारी शक्ती ही ठोक्यांची वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढली असे धरले, तर शक्ती वारंवारतेच्या घनाप्रमाणे वाढते. 1.25 चा घन करून पाहा, 1.95 येतो. म्हणजे वेग पाव पट वाढवण्यासाठी शक्ती जवळजवळ दुप्पट! आणि ही सारी शक्ती शेवटी उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते.

उष्णता बाहेर टाकायला तांब्याच्या नळ्या, पत्रे आणि पंखे लागतात. म्हणजे पुन्हा वजन आले. बिनपंख्याच्या पातळ यंत्रात हे काम बरेचसे बाहेरच्या कवचालाच करावे लागते. कवच 45 अंशांपेक्षा जास्त तापले तर हाताला सोसवत नाही, असे समजू. कवचातून बाहेर जाणारी उष्णता स्थूलमानाने कवच आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. 25 अंशांच्या वातानुकूलित दालनात हा फरक 20 अंश आहे. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडच्या खोलीत 35 अंश असतील, तर फरक उरला 10. म्हणजे उष्णता टाकण्याची क्षमताच निम्मी झाली! मग प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. तो पहिल्या काही मिनिटांचा आणि थंड खोलीतला असतो, इतकेच.

बॅटरीचेही असेच आहे. आजच्या लिथियम-आयन बॅटरीत दर किलोला साधारण 200 वॅट-तास ऊर्जा मावते. 50 वॅट-तासांची बॅटरी म्हणजे पाव किलो. यंत्र 8 वॅटवर चालले तर ती सहा तास टिकेल, 60 वॅट खाऊ लागले तर पाऊण तासाच्या थोडी पुढे. वेगवान यंत्राला म्हणूनच चार्जर सोबत न्यावाच लागतो.

वेगाचा मोह सोडला तर काय साधते, याचे उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात घडले आहे. 2007 मध्ये कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरच्या लहानशा शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे 'एक्सओ' लॅपटॉप मुलांच्या हाती दिले गेले. वजन जेमतेम दीड किलो, उचलायला मूठ, आत पंखा नाही की फिरणारी तबकडी नाही. प्रोसेसर अवघा 433 मेगाहर्ट्झचा, स्मृती 256 मेगाबाइट. त्या काळच्या मानानेही हे यंत्र मंदच होते, आणि त्याबद्दल त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई. पडद्यामागचा दिवा विझवला की तो कृष्णधवल होई आणि सूर्यप्रकाशच दिव्याचे काम करी. ते यंत्र कोठे आणि कोणाच्या हातात वापरले जाणार, याचा विचार रचनाकारांनी आधी केला होता.

म्हणून माझे मत असे की, रोज प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याने सव्वा ते दीड किलोच्या आतले यंत्र घ्यावे. आणि हे महत्त्वाचे, त्या पातळ यंत्रात महागडा प्रोसेसर घेण्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. तो वेग आपल्या हवेत टिकायचा नाही. तेच पैसे जास्त स्मृती, चांगला पडदा आणि मोठी बॅटरी यांवर खर्चावेत. स्मृतीने काही यंत्र तापत नाही म्हणावे इतकी तिची उष्णता थोडी. ज्यांना चित्रफितींचे संपादन किंवा यंत्रांची त्रिमितीय रेखाटने करायची आहेत त्यांना शक्ती लागणारच, हे मान्य. त्यांनी घरी टेबलावरचा संगणक घ्यावा. तेवढ्याच पैशांत तो अधिक वेगवान मिळतो आणि त्याला वाऱ्याची ददात नसते.

माझ्या म्हणण्याची परीक्षा शाळेतच घेता येईल. पातळ, बिनपंख्याच्या लॅपटॉपवर एखादी लांब चित्रफीत दुसऱ्या स्वरूपात बदलण्याचे काम सकाळी सातला लावा आणि लागलेला वेळ मोजा. तेच काम, चार्जर जोडूनच, दुपारी दोनला पुन्हा लावा. दोन्ही वेळी खोलीचे तापमान लिहून ठेवा.