गाणारीचं नाव, गाणारीचे पैसे

लोकगीत सगळ्यांचं असतं, असं आपण सहज म्हणून जातो. ऐकायला छान वाटतं. पण त्या गाण्याची रेकॉर्ड निघाली, ती दुकानात विकली गेली, की पैसे कुणाचे हा प्रश्न येतोच. गाणारी बहुतेक वेळा हातावर पोट असलेली, आणि कागदावर सही मात्र तिसऱ्याचीच. म्हणून मैत्रिणींनो, आज अमेरिकेतल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीची गोष्ट सांगावीशी वाटते.

‘आरहूली’ हे तिचं नाव. ख्रिस स्ट्रॅकविट्झ यांनी १९६० साली कॅलिफोर्नियात ती सुरू केली. हे गृहस्थ मूळचे जर्मनीतले. १९४७ साली कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले आणि पुढे शाळेत जर्मन शिकवू लागले. टेप रेकॉर्डर घेऊन ते टेक्ससला गेले आणि मॅन्स लिप्सकॉम या वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय गायकाची गाणी त्यांनी टिपली. पहिल्या रेकॉर्डच्या प्रती किती काढल्या? फक्त २५०! मग लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या कष्टकऱ्यांचं संगीत, मेक्सिकोच्या सीमेवरची अकॉर्डियनची गाणी, असं एकेक जमत गेलं. मोठ्या कंपन्यांना यात रस नव्हता. माणूस तसा हट्टीच. मिळमिळीत संगीताला ते ‘उंदरांचं संगीत’ म्हणायचे!

याच कंपनीने १९८३ साली एलिझाबेथ कॉटन यांच्या मैफलींची रेकॉर्ड काढली. या बाईंची कहाणी आपल्याला फार जवळची वाटेल. नॉर्थ कॅरोलिनातली ही कृष्णवर्णीय मुलगी लहानपणीच लोकांकडे घरकामाला लागली आणि साठवलेल्या पावणेचार डॉलरमधून तिने गिटार घेतली. डावखुरी होती, म्हणून गिटार उलटी धरून वाजवायची. पुढे लग्न झालं, मूल झालं, चर्चमधल्या मंडळींनीही नाकं मुरडली आणि गिटार कोपऱ्यात गेली ती जवळजवळ चाळीस वर्षं. (आपल्याकडे किती पेट्या अशा माळ्यावर पडल्या असतील, आठवून बघा.) उतारवयात त्या सीगर नावाच्या संगीतकार कुटुंबात कामाला लागल्या. तिथे भिंतीवर गिटार होती. हात पुन्हा चालू लागला. त्यांनी लहानपणी रचलेलं मालगाडीचं गाणं त्या घरातल्या मुलीबरोबर इंग्लंडला पोचलं. तिथे ते १९५७ साली गाजलं, पण हक्क नोंदवले गेले भलत्यांच्याच नावावर! भांडून त्यात बाईंचा वाटा मिळवावा लागला. आरहूलीच्या त्या रेकॉर्डला १९८५ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

दुसरी गोष्ट फ्रेड मॅकडॉवेल या मिसिसिपीतल्या शेतकऱ्याची. त्यांचं एक भजन जगप्रसिद्ध ‘रोलिंग स्टोन्स’ने १९७१ साली आपल्या रेकॉर्डवर घेतलं. त्याचे पैसे गायकाला मिळावेत म्हणून स्ट्रॅकविट्झ भांडले आणि १९७२ साली मॅकडॉवेल वारण्याआधी ते त्यांच्या हाती पडले. मला विचाराल तर गाणी टिपण्यापेक्षा हे काम मोठं. टेप तर कुणीही फिरवतो, हो! पण वर्षांनंतर गायकाच्या बाजूने उभं कोण राहतं?

लिडिया मेंडोझा यांचं तर नाव घ्यायलाच हवं. टेक्ससमधल्या मेक्सिकन घरातली ही मुलगी. दगाबाज पुरुषाला खडे बोल सुनावणाऱ्या एका गाण्याचे शब्द तिला च्युइंगमच्या कागदावर सापडले. १९३४ सालच्या त्या गाण्याने ती घराघरात पोचली. आरहूलीने तिच्या जुन्या तबकड्या पुन्हा बाजारात आणल्या, आणि तिची कहाणी तिच्याच शब्दांत पुस्तकरूपाने यावी म्हणून स्ट्रॅकविट्झ खपले. २०२३ साली ते गेले. त्याआधीच, २०१६ साली, साडेतीनशेहून जास्त रेकॉर्डचा हा खजिना स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेच्या ताब्यात सुखरूप गेला होता.

आता आपल्याकडे बघू. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून काम करत हजाराहून जास्त गावांतल्या बायकांकडून लाखभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येताहेत, गाणारीच्या नावागावासकट. हे झालं आदर्श काम. पण आपल्या गावात काय चालतं? महोत्सवाला खेड्यातल्या आजींना बोलावायचं, ओव्या म्हणायला लावायच्या, खणानारळाने ओटी भरायची आणि एसटीत बसवून द्यायचं. त्याच मांडवात साउंडवाल्याला रोख पैसे, निवेदकाला पाकीट! शिवाय कुणीतरी मोबाइलवर ते गाणं टिपून ‘पारंपरिक’ म्हणून पुढे पाठवतो. आजीचं नाव कुठेच नाही.

खण-नारळ जरूर द्या, तो आपला मान आहे. पण मानधनाचं पाकीटही द्या, आणि ते तिच्याच हातात, सोबत आलेल्या मुलाच्या नव्हे. मोबाइल सुरू केलात तर आधी तिला विचारा. मग तिचं नाव, गाव आणि ओवी कुणाकडून शिकली, हे तिच्याच तोंडून टिपून घ्या. मंडळाच्या जमाखर्चात लोककलावंतांचं मानधन अशी ओळ आहे का, ते या वर्षीच्या सभेत विचारायला हवं. नसेल तर हिशोब मंजूर करण्याआधी ती घालून घ्या.