लॉफ्ट हवाय? आधी पोटमाळा समजून घ्या!

‘फोर्टात राहतेस? वॉव!’ हे एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून आपल्यापैकी किती जण वाट्टेल ते भाडं मोजायला तयार असतात! त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत पोचली आणि गणितच उलटलं. राहायचं हुतात्मा चौकाजवळ, काम करायचं बीकेसीत, आणि लोकलमधले धक्के फक्त आठवणीपुरते. आयडिया सही आहे, बॉस! मीही गेले तीन महिने याच आयडियाच्या मागे फिरतेय.

या स्वप्नाचं मूळ गाव न्यूयॉर्क. १९६०च्या दशकात तिथल्या सोहोमध्ये कारखान्यांचे रिकामे पडलेले मजले चित्रकारांनी स्वस्तात घेतले. उंच छत, बिडाचे खांब, मोठ्ठाल्या खिडक्या. पण गंमत म्हणजे तिथे राहणं बेकायदा होतं! १९७१ मध्ये कलाकारांपुरती परवानगी मिळाली आणि १९८२ मध्ये लॉफ्टवासीयांना संरक्षण देणारा कायदा आला. म्हणजे मॅगझिनमधल्या त्या चकचकीत फोटोंच्या मागे वीस वर्षांची कागदपत्रांची लढाई आहे. फोटोत ती दिसत नाही, एवढंच.

आपल्या फोर्टात लॉफ्टला साधा मराठी शब्द आहे, पोटमाळा. एजंटने मला दाखवलेली खोली अशीच. लाकडी जिना, दगडी भिंत, पंधरा फूट उंच छत आणि मधोमध टाकलेला पोटमाळा. वर गादी, खाली लिहायचं टेबल. खिडकीतून समोरच्या इमारतीची नक्षी. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले! भाडं अडतीस हजार, डिपॉझिट दोन लाख.

‘अॅग्रीमेंट कधी करायचं?’ मी विचारलं.

‘अॅग्रीमेंट कशाला, मॅडम? इथे सगळं विश्वासावर चालतं. दर महिन्याला काकांच्या हातात कॅश द्यायची.’

काका म्हणजे खोलीचे मालक नव्हेत, पागडीचे भाडेकरू. इथे जरा थांबा, कारण जुन्या मुंबईचा सगळा फंडा या एका शब्दात आहे. १९४७च्या भाडे कायद्याने इथली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडं वाढेना, म्हणून घरमालकांनी सुरुवातीलाच मोठी रक्कम घ्यायला सुरुवात केली. तीच पागडी. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या देवघेवीला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभाही. पण चार टक्के कशावर? काही शे रुपयांवर! मग मालक दुरुस्तीला हात लावत नाही आणि भाडेकरू जागा सोडत नाही.

काका डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, ‘बेटा, पेन्शनमध्ये भागत नाही. मी मुलीकडे राहतो. ही खोली आहे म्हणून औषधं येतात.’ ते खरंच बोलत होते. पण करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवला तर मालकाला कोर्टात जागा परत मागायचं कारण मिळतं. म्हणजे उद्या भांडण झालं तर मी रस्त्यावर, आणि काकांच्या वडिलांनी पागडी भरून घेतलेली खोलीही धोक्यात. माझ्या उंच छताची किंमत एका म्हाताऱ्या माणसाने मोजायची?

‘मालकाची लेखी संमती मिळेल का?’ मी विचारून पाहिलं. काका नुसते हसले. मीही पुढे काही बोलले नाही. ती खोली सोडली. वाईट वाटलं, खूप वाटलं.

दुसरी गोष्ट भिंतींची. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात येतात. त्यांच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे. दर पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. जुलै २०२०च्या पावसात फोर्टातच भानुशाली इमारतीचा भाग कोसळला आणि माणसं गेली. त्यामुळे भिंतीतून उगवलेला पिंपळ फोटोत कितीही रोमँटिक दिसो, तो धोक्याचा बोर्ड समजा.

मग काय, फोर्टाचा नाद सोडायचा? मुळीच नाही! फक्त डोकं शाबूत ठेवून शोधायचं.

* देणारा मालक आहे की भाडेकरू, हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा. भाडेकरू असेल तर मालकाची लेखी संमती मागा.
* ‘अकरा महिन्यांचा करार, रजिस्टर करायची गरज नाही’ ही महाराष्ट्रात शुद्ध थाप आहे. लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते.
* करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. दिलासा आहे, पण त्याच्या भरवशावर कॅश मोजू नका.
* डिपॉझिट बँकेतूनच द्या.
* इमारतीचं नाव म्हाडाच्या यादीत तपासा. आणि खोली एकदा तरी भर पावसात बघा. छत स्वतःच सगळं सांगतं.

मला शेवटी गिरगावात खोली मिळाली. छत दहा फुटी, पोटमाळा नाही, खिडकीतून शेजारच्यांच्या दोरीवरचे कपडे दिसतात. पण नोंदणी केलेला करार माझ्या नावावर आहे आणि मला झोप लागते. जुन्या इमारतींच्या प्रेमात जरूर पडा, दोस्तहो. फक्त प्रेम भिंतींवर करा आणि विश्वास कागदावर ठेवा!