पितरांचे पान

भाद्रपदाच्या कृष्णपक्षात ज्या पितरांना आवाहन करून आपण जेऊ घातले, त्यांना परतीची वाट दिसावी म्हणून आश्विनी अमावास्येच्या सायंकाळी उल्का, म्हणजे पेटती चूड, दाखविण्याचा विधी धर्मशास्त्राने सांगितला आहे. तो आज फार थोड्या घरांत उरला आहे. धनत्रयोदशीचा दक्षिणाभिमुख यमदीप आणि नरकचतुर्दशीचे यमतर्पण यांच्या पंक्तीस तो ठेवला, म्हणजे दीपावली ही लक्ष्मीच्या स्वागताची तशीच पितरांच्या निरोपाचीही पर्वणी आहे, हे ध्यानी येते. म्हणून यंदाच्या अंकाचा आरंभ आम्ही त्यांच्या पानापासून करीत आहो.

निजामी रियासतीच्या दफ्तरांत आणि अदालतींत चाकरी-वकिलीच्या निमित्ताने आलेली, आणि हैदराबादच्या सुलतान बाजार, काचीगुडा, शालिबंडा या मोहल्ल्यांत स्थिरावलेली आपली मराठी कुटुंबे, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा मूळ मुलखापासून राज्यसीमेने विलग झाली. तरी पक्षाच्या दिवशी तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, गवार आणि लाल भोपळ्याची भाजी, कढी, असे कुळाचाराप्रमाणे पान वाढून कावळ्याची वाट पाहण्याचा परिपाठ त्यांनी सोडला नाही. याच शहरात, सर्वपित्री अमावास्येला पितरांच्या नावे शिधा देणारे आमचे तेलुगू शेजारी त्याच सायंकाळी तरवड, कुर्डू आणि झेंडू यांची बतुकम्मा रचतात. शब-ए-बरातेस मुसलमान शेजारी कबरस्तानात जाऊन येतात आणि हलव्यावर फातिहा देतात. आणि २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबे आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात.

त्याच १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत, पहिला दिवस मृत बालकांचा व दुसरा मृत प्रौढांचा मानून, घरोघरी वेदी मांडली जाते. तीवर पाणी, मीठ, हाडांच्या आकृतीने सजविलेला गोड पाव, मक्याच्या सालीत उकडलेले तमाले आणि कोपालचा धूप ठेवून, मृतांना घर सापडावे म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या वारशात नोंदविलेल्या त्या उत्सवाचा झेंडू मूळचा तेथलाच. आपल्या तोरणांत तो पुढे आला, आणि श्राद्धाच्या पानावरचा लाल भोपळाही मूळचा त्याच अमेरिका खंडाचा.

परंतु त्या वेदीपासून आपण शिकावे ते निराळेच आहे. तेथे गेलेल्या माणसाला जे आवडत असे, ते आवर्जून मांडतात. आपल्या संकल्पात तीन पिढ्यांची नावे आणि गोत्र यांचा उच्चार होतो, आवडीचा होत नाही. ती केवळ स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या स्मरणात असते, आणि वड्यांशेजारी तिने न बोलता वाढलेल्या एखाद्या पदार्थातून प्रकट होते. ती स्त्री गेली की तो पदार्थ जातो, आणि त्याबरोबर त्या माणसाची ओळखही जाते. मागे उरते ते नाव, ज्याला मुखही नाही आणि रुचीही नाही. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना पणजीशी जोडणारा धागा गोत्रापेक्षा तिच्या आवडीच्या पदार्थात अधिक बळकट आहे, अशी आमची दृढ श्रद्धा आहे.

म्हणून वाचकांस आमची आग्रहाची विनंती की, या दिवाळीत सारे घर एकत्र जमले असता वडीलधाऱ्यांना विचारून, कोणास काय आवडे आणि ते कसे रांधीत, हे नावगावासह एका वहीत लिहून ठेवावे, आणि येत्या पक्षात त्यातला एक तरी पदार्थ मुलांच्या हातून पानावर वाढवावा.