नाटकाचं जुनं हँडबिल : जमवायचं, पण वाचण्यासाठी



सुट्टी लागली की आपण मुलांना सांगतो, "एखादा छंद लावून घ्या." मग पोस्टाची तिकिटं, नाणी, काड्यापेट्यांचे छाप जमू लागतात. यंदा मी वेगळा छंद सुचवते : जुन्या संगीत नाटकांच्या जाहिरातींचे कागद. हँडबिलं, वर्तमानपत्रातली कात्रणं, पदांच्या पुस्तिका, तिकिटांचे अर्धे तुकडे. आजोबांच्या ट्रंकेत, पोथीत खूण म्हणून किंवा कपाटाच्या तळाशी असे कागद अजूनही सापडतात.

पण ढीग जमवायची घाई नको. एकच कागद मिळाला तरी चालेल, तो दोन्ही बाजूंनी नीट वाचला पाहिजे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका विद्यार्थिनीने 'सौभद्र'चं हँडबिल वर्गात आणलं होतं. मी कौतुकाने ते डिंक लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं. प्रदर्शन छान झालं. नंतर तिचे आजोबा आले आणि म्हणाले, "बाई, मागं आमच्या वडिलांनी लिहिलेलं वाचलंत का?" नाटकाला घरातलं कोण कोण गेलं, बैलगाडीला भाडं किती पडलं, हे त्यांनी पेन्सिलीने टिपून ठेवलं होतं. कागद सोडवायला गेले तर फाटला. आजोबा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

नाटक ही पडदा पडला की संपणारी गोष्ट. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केलं. तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. त्या रात्रीचं गाणं आज आपल्याला ऐकता येत नाही. उरल्या त्या आठवणी आणि कागद. आठवणी सांगणारी माणसं आता नाहीत. मग कागद तरी जपायला नकोत का?

"पण हे अभ्यासक्रमात कुठे आहे?" असं पालक विचारतात. मी म्हणते, बघा तर खरं. जुन्या हँडबिलावर पुष्कळदा वार आणि तारीख असते, वर्ष नसतं. समजा 'कुलवधू'च्या हँडबिलावर 'शनिवार, ता. १४ मे' छापलंय आणि तिकिटाचा दर रुपये-आण्यांत आहे. आता वर्ष शोधा! १४ मेला शनिवार १९३८, १९४९, १९५५, १९६० आणि १९६६ साली येतो. 'कुलवधू' रंगभूमीवर आलं १९४२ ला, म्हणून १९३८ बाद. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणे मागे पडले, म्हणून १९६० आणि १९६६ सुद्धा जवळजवळ बाद. उरली दोन वर्षं. त्यातलं कोणतं, हे ठरवायला नटांची नावं बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गणित, इतिहास आणि भाषा, तिन्ही एका कागदावर आली की नाही?

नटांच्या यादीतही धडा आहे. जुन्या यादीत सुभद्रेच्या, भामिनीच्या नावापुढे पुरुषाचं नाव दिसतं. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्याच्या आधीची आणि नंतरची यादी शेजारी ठेवा आणि मुलांना फक्त विचारा, "काय बदललं?" उत्तर तुम्ही देऊ नका.

काही मुलं विचारतात, "बाई, याचे किती पैसे येतील?" प्रश्न चुकीचा नाही, जुन्या कागदांना गिऱ्हाईक असतंच. पण विकलेल्या कागदाबरोबर घरची गोष्ट जात नाही. तो कोणाचा, कोणत्या गावचा, कोणी जपला, हे पुसलं की उरतं नुसतं चित्र. म्हणून कागदाइतकीच ही माहिती लिहून ठेवणं महत्त्वाचं.

आणि माझं ठाम मत : मूळ कागद शाळेने ठेवून घेऊ नये. आपल्या कपाटात ओल असते, वाळवी लागते, बदली झाली की किल्ली कोणाकडे तेही कळत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, झेरॉक्सवर वर्गात काम करा आणि मूळ प्रत त्याच दिवशी घरी पाठवा.

पालकांनी घरी एवढं पाळावं : डिंक, चिकटपट्टी, लॅमिनेशन, स्टेपलरची पिन, काहीही लावायचं नाही. कागद सपाट ठेवून कोऱ्या कागदाच्या पाकिटात घाला, ऊन आणि ओल टाळा. माहिती पाकिटावर लिहा, हँडबिलावर नको.

दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला दारात उभा असतो आणि आपण घाईत असतो. तेवढ्यात गठ्ठा एकदा उलगडून बघा. आणि आजी जवळ असेल तर तिला विचारा, "हे नाटक तू पाहिलंस का गं?"