शेवटच्या फेरीतली मुले

गेल्या दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी सहकुटुंब शाळेत भेटायला आला. बोस्टनजवळ नोकरी करतो. सोबत दहा वर्षांचा मुलगा होता. त्याच्या अंगात निळा शर्ट, पाठीवर १२ आकडा आणि इंग्रजीत ‘ब्रेडी’ असे नाव. हे कोण म्हणून आम्ही विचारले, तर मुलाच्या आधी बापच म्हणाला, "सर, हा १९९ वा होता!" मग तासभर त्याने आम्हाला अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टची गोष्ट सांगितली. नंतर आम्हीही त्यावर बरेच वाचले. शाळेत सध्या एका निर्णयाची चर्चा चालू आहे. तिच्यासाठी ही गोष्ट उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

प्रथम खेळ कोणता ते सांगतो. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, फेकायचा, झेलायचा आणि समोरच्याने पळणाऱ्याला आडवे पाडायचे. चेंडू फेकणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. आपल्या आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, तसा तिथे होत नाही. महाविद्यालयांतून येणाऱ्या तरुण खेळाडूंमधून संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. हाच ड्राफ्ट. तो १९३६ साली सुरू झाला आणि १९९४ पासून त्याच्या सात फेऱ्या होतात. संघ आपल्या पाळ्यांची आपसांत देवघेवही करतात. पहिल्या फेरीतल्या मुलाला मान, पैसा आणि दूरदर्शनवर जागा मिळते. सहाव्या-सातव्या फेरीतल्याला मिळते ती बहुधा फक्त सराव शिबिरात उभे राहण्याची परवानगी.

२००० सालच्या ड्राफ्टमध्ये एकूण २५४ नावे उचलली गेली. मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाकडे गेला. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. चाचणीत ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते. या पातळीवर तो वेळ फारच मंद. पहिल्या वर्षी तो पुऱ्या हंगामात तीनदा चेंडू फेकू शकला आणि त्यातला एकच झेलला गेला. सप्टेंबर २००१ मध्ये संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला, म्हणून ब्रेडीला संधी मिळाली. फेब्रुवारी २००२ मध्ये संघाने पहिल्यांदा सुपर बोल जिंकला आणि सामन्याचा मानकरी ब्रेडी ठरला. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर सात सुपर बोल होते. सहा पेट्रियट्सकडून आणि एक टॅम्पा बेकडून.

इथपर्यंतची गोष्ट सर्वांना आवडते. भाषणात सांगायला फार छान, मुले टाळ्याही वाजवतात. पण आमचे मत असे की, इथे थांबलो तर आपण चुकीचा धडा घेऊ.

कारण पेट्रियट्स संघाचे त्या वर्षीचे पूर्ण प्रगतिपुस्तक पाहायला हवे. बिल बेलिचिक यांना प्रशिक्षक म्हणून आणण्याच्या बदल्यात त्यांची पहिल्या फेरीची पाळी न्यूयॉर्क जेट्सकडे गेली होती. त्यानंतर त्यांनी सहा खेळाडू निवडले आणि सातवे नाव ब्रेडीचे आले. म्हणजे इतर संघांनी तर त्याला सोडलेच, ज्यांनी उचलले त्यांनीही सहा वेळा सोडले! हा महान खेळाडू होणार हे त्यांना ठाऊक असते, तर ते १९९ पर्यंत थांबले असते काय? तेव्हा त्या निवडीला निव्वळ ‘दूरदृष्टी’ म्हणणे खोटे आहे. पण तिला निव्वळ नशीब म्हणणेही बरोबर नाही. संघाकडे आधीच तीन क्वार्टरबॅक असताना त्यांनी चौथा ठेवून घेतला. दीड वर्ष त्याला शिकवले, आणि ब्लेडसो बरा होऊन आल्यावरही त्यालाच खेळवले. श्रेय द्यायचे तर या ठेवून घेण्याचे आणि शिकवण्याचे द्यावे.

त्याच ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या आधी, १८७ व्या क्रमांकावर, याच संघाने अँटवान हॅरिस हा बचावाचा खेळाडू घेतला होता. आज त्याचे नाव फार थोड्यांना आठवते. जानेवारी २००२ मध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य लढतीत प्रतिपक्षाची अडवलेली किक सहकाऱ्याने उचलली, हॅरिसकडे दिली आणि हॅरिसने ४९ यार्ड धावून गुण मिळवले. पुढे सुपर बोलमध्ये सेंट लुइसच्या खेळाडूच्या हातून त्याने चेंडू पाडला. तो सामना पेट्रियट्सनी २०-१७ असा फक्त तीन गुणांनी जिंकला. हॅरिसचा पुतळा कुठे नाही, पण १८७ व्या जागेकडून याहून अधिक कसली अपेक्षा करायची? उशिराच्या फेरीतल्या मुलाचे मूल्यमापन ब्रेडीच्या फूटपट्टीने करू नये, त्याच्या जागेच्या फूटपट्टीने करावे, ही आमची पहिली सूचना.

दुसरी सूचना वेळेची. ड्राफ्ट संपला की दुसऱ्याच दिवशी तिकडची वर्तमानपत्रे प्रत्येक संघाला ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी श्रेणी देतात. आपल्याकडे प्रवेश होताच पालक पोराचे भविष्य सांगतात, तसलाच हा प्रकार. ज्युलियन एडलमन २००९ मध्ये सातव्या फेरीत, २३२ व्या क्रमांकावर निवडला गेला. महाविद्यालयात तो क्वार्टरबॅक होता. पेट्रियट्सनी त्याला चेंडू झेलणारा केले, गरज पडली तेव्हा बचावातही उभे केले. चार हंगाम तो राखीव गड्यासारखाच होता. २०१३ मध्ये त्याने १०५ झेल घेतले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सुपर बोलचा मानकरी ठरला. तीन वर्षांनी निकाल लावला असता तर एडलमन ‘साधारण’ या रकान्यात बसला असता. १९९५ मध्ये १९६ व्या क्रमांकावर डेन्व्हरने घेतलेला टेरेल डेव्हिस तर टोकियोतल्या एका सराव सामन्यात किकनंतर धावत जाऊन केलेल्या जोरदार धडकेमुळे प्रशिक्षकांच्या नजरेत भरला. १९९८ च्या हंगामात तो २,००८ यार्ड धावला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तिसरी सूचना निवडणाऱ्याच्या नम्रतेची. २००० साली सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाने ६५ व्या क्रमांकावर जिओवानी कारमाझी हा क्वार्टरबॅक घेतला. तो लीगचा एकही अधिकृत सामना खेळला नाही. आणि ब्रेडी त्यांच्याच शेजारच्या सॅन मटेओ गावचा, लहानपणापासून त्याच संघाचा चाहता! पुढे २०२१ मध्ये याच संघाने पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या मोजून तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स घेतला. २०२३ मध्ये त्याला चौथ्या फेरीच्या एका पाळीच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकले. मधल्या काळात, २०२२ मध्ये, सर्वांत शेवटच्या २६२ व्या क्रमांकावर त्यांनी ब्रॉक पर्डी घेतला होता. शेवटच्या मुलाला तिकडे १९७६ पासून ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’, म्हणजे ‘बिनमहत्त्वाचे महाशय’ म्हणून गमतीने गौरवतात. पुढचे दोन क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर पर्डी मैदानात उतरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले. तो सामना कॅन्सस सिटीने जादा वेळेत २५-२२ असा जिंकला. २०२५ मध्ये संघाने पर्डीशी पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. संघ एकच, तोच चुकतो आणि तोच जिंकतो. निवडणारे मूर्ख नसतात आणि त्रिकालज्ञही नसतात.

आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. तिथे ‘होनहार बिरवान के होत चीकने पात’ ही म्हण निबंधात हमखास लिहायचो. मराठीत मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आता वाटते, पाय दिसतात खरे, पण पाहणाऱ्याचे डोळेही तपासायला हवेत. लांब कशाला, आपल्या इंदूरचा रजत पाटीदार २०२२ च्या आयपीएल लिलावात विकला गेला नव्हता. दुसऱ्याच्या जागी बदली म्हणून बेंगळुरूने त्याला बोलावले. त्याने बाद फेरीत नाबाद ११२ केले, आणि २०२५ मध्ये त्याच संघाने त्याच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकला.

आता शाळेच्या गोष्टीकडे येतो. खो-खोच्या शिबिरात आपण वीस मुले घेतो. पंधरा नावे चाचणीच्या दिवशीच ठरतात, अखेरच्या पाच जागांवर घासाघीस होते. खर्च वाढला आहे, तेव्हा या पाच जागा बंद कराव्यात, अशी सूचना यंदाच्या बैठकीत आली. ‘शेवटची पाच मुले कधी जिल्ह्याला तरी खेळली का?’ हा प्रश्न विचारला गेला. प्रश्न वाजवी आहे. पैसा वर्गणीचा आहे, त्याचा हिशेब मागण्याचा सर्वांना हक्क आहे.

उत्तर देण्याआधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाला आम्ही स्वतः केवळ धावण्याच्या वेळेवरून वगळले. आदल्या रात्री तो वडिलांच्या दुकानात माल उतरवत दोन वाजेपर्यंत जागा होता, हे नंतर कळले. पुढच्या वर्षी आम्ही त्याला बोलावणे पाठवले. तो येऊन म्हणाला, "सर, आता सकाळी मीच दुकान उघडतो." तो मोठा खेळाडू झाला असता असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित झाला नसता. पण ते पाहण्याची संधी आम्ही एका घड्याळाच्या भरवशावर घालवली, ही खंत आहे.

आमचे मत स्पष्ट सांगतो. ड्राफ्टच्या अखेरच्या फेऱ्यांतली बहुतेक मुले पुढे येत नाहीत, हे खरे आहे. म्हणून ‘प्रत्येक मागचा मुलगा ब्रेडी होईल’ असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. तशी आशा दाखवणे मुलांवर अन्यायच आहे. तरीही पाच जागा ठेवाव्यात. मात्र तीन अटी पाळाव्यात. चाचणी एका दिवसाची नको, तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यावी आणि त्यात डोके किती चालते हेही पाहावे. धावण्यात कच्चा असलेल्याला दुसऱ्या कामात बसवून पाहावे. आणि या पाच मुलांची वेगळी वही ठेवावी. तीन वर्षांनी ती उघडून पाहावी, आणि ‘किती जण जिल्ह्याला गेले’ एवढेच न विचारता ‘किती जण टिकले, किती सुधारले आणि आपण त्यांना काय शिकवले’ हेही विचारावे.

वही पाहूनही खर्च व्यर्थ वाटला, तर जागा बंद करायला आमची हरकत नाही. पण वही न उघडताच बंद करायला आहे. पालकांनी येत्या सभेस अवश्य यावे आणि आपले मत मांडावे. विरुद्ध असले तरी ते ऐकू.