गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा माघ सरत आलेला असेल, आणि नागपूर, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या गावांतील पहाटेचा गारवा अद्याप पुरता ओसरलेला नसेल; तथापि घरगुती वातानुकूलन यंत्रांची देखभाल ज्यांच्या हाती आहे, त्या कारागिरांचा खरा हंगाम आताच सुरू होतो, असे आमचे निश्चित मत आहे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंश ओलांडतो, एकाच दिवशी अनेक घरांतून बोलावणी येतात, गच्चीवर तापलेल्या आउटडोअरपाशी अर्धा तासही निवांत मिळत नाही, आणि त्या घाईगर्दीतूनच आपल्या व्यवसायात एक शिरस्ता रूढ झाला आहे: थंडावा कमी झाल्याची तक्रार आली की गेज लावावा, सक्शनचा दाब उतरलेला दिसला की सिलिंडर उघडावा, थोडा गॅस सोडावा, पैसे घ्यावेत आणि पुढच्या घराची वाट धरावी. हा शिरस्ता ग्राहकाच्या, यंत्राच्या आणि अंती कारागिराच्याही हिताविरुद्ध आहे, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते.

यंत्रातील गॅस हे इंधन नव्हे. मोटारीतील पेट्रोल जसे जळून संपते तसा तो संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल या बंदिस्त मार्गातून तोच गॅस द्रवरूप आणि वायुरूप होत वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच, की कोठे तरी गळती आहे: फ्लेअर जॉइंट सैल असेल, ब्रेझिंग कच्चे राहिले असेल, कंपनाने नळी घासली गेली असेल, किंवा कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत कॉइलला सूक्ष्म छिद्रे पडली असतील. ती जागा न शोधता दर चैत्रात गॅस भरीत राहणे हे ग्राहकाच्या पदरी तोच खर्च पुनःपुन्हा टाकण्यासारखे आहे, आणि ज्याला आपण देखभाल म्हणतो तिच्याशी त्याचा काही संबंध नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी, की पुष्कळदा गॅस कमी झालेलाच नसतो. फिल्टर धुळीने भरला, कूलिंग कॉइलवर मळाचा थर बसला किंवा ब्लोअरची पाती जड झाली, म्हणजे खोलीतील हवा कॉइलवरून पुरेशी वाहत नाही, कॉइलला उष्णता मिळत नाही, सक्शनचा दाब उतरतो आणि प्रसंगी बर्फही धरतो. ही सर्व लक्षणे गॅस कमी असल्याच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की केवळ गेजवर विसंबणारा कारागीर हमखास चकतो. त्याने गॅस वाढवला म्हणजे भरणी प्रमाणाबाहेर जाते, कंडेन्सरचा दाब चढतो, कॉम्प्रेसर अधिक विद्युत्प्रवाह ओढू लागतो, आणि कधी द्रवरूप गॅस परत येऊन त्याच कॉम्प्रेसरचे नुकसान करतो. थोडक्या खर्चाच्या साफसफाईने जे यंत्र सुधारले असते, त्याचा सर्वांत महाग भाग अशा रीतीने आपल्याच हातून निकामी होतो. इन्व्हर्टर यंत्रात तर कॉम्प्रेसरची गती क्षणोक्षणी बदलते आणि तिच्याबरोबर दाबही बदलतो. तेथे केवळ दाब पाहून भरणी ठरविणे सर्वथा अशास्त्रीय आहे. नामफलकावर जितके ग्रॅम नमूद आहेत तितके, आणि नळीची लांबी अधिक असल्यास उत्पादकाने सांगितलेली भर घालून, वजनकाट्यावर तोलूनच गॅस भरला पाहिजे.

आपल्या प्रदेशाच्या हवामानामुळे या प्रश्नाची धार अधिक तीव्र होते. भारतीय मानकानुसार यंत्राची शीतलनक्षमता बाहेरील तापमान ३५ अंश धरून मोजली जाते; दीड टन, म्हणजे ताशी अठरा हजार बीटीयू, हे जे माप फलकावर असते ते त्या तापमानाचे. विदर्भात भर दुपारी बाहेर पंचेचाळीस अंश असताना, आणि आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर किंवा बंद सज्ज्यात बसविलेला असताना, तेच यंत्र अधिक वीज खाऊन कमी थंडावा देणार, हा निसर्गनियम आहे. त्यात कंडेन्सरच्या फिनांत धूळ आणि चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळशाची भुकटी साचली, म्हणजे यंत्रापुरता तो उन्हाळा आणखी काही अंशांनी वाढलाच म्हणावयाचा. म्हणून उन्हाळ्यापूर्वी कंडेन्सर मागील बाजूने, फिना न वाकविता, पाण्याच्या झोताने स्वच्छ धुणे हे गॅसच्या सिलिंडरला हात लावण्यापूर्वीचे पहिले काम आहे.

गृहस्थाच्या खर्चाचा हिशेब मांडला तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने साधारणतः दीड किलोवॉट वीज घेते. विदर्भातील उन्हाळ्यात ते रोज आठ तास जवळजवळ पूर्ण भाराने चालले असे धरले तर महिन्याला ३६० युनिट होतात, आणि घराचा इतर वापर २०० युनिट असेल तर एकूण वापर ५०० युनिटांपलीकडे जातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि ५०० युनिटांवरील टप्पा सर्वांत महाग. फिल्टर आणि कॉइल अस्वच्छ राहिल्याने यंत्राची वीज केवळ एक-दशांशाने वाढली असे मानले, तरी महिन्याला ही ३६ युनिटे त्या सर्वोच्च दराच्या टप्प्यात पडतात, आणि तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात ती १०८ होतात. हा तपशील ग्राहकासमोर कागदावर मांडला, तर साफसफाईच्या मजुरीवर घासाघीस करणारा गृहस्थही ती मजुरी संतोषाने देईल, असा आमचा विश्वास आहे.

मग हा शिरस्ता टिकला का? त्याचे कारण कारागिराच्या अप्रामाणिकपणातच शोधणे अन्यायाचे होईल. गळती शोधावयाची म्हणजे उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने काढून घेणे, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड तपासणे, जोड दुरुस्त करणे, व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत निर्वात करून तो निर्वात टिकतो की नाही हे पाहणे, आणि मगच वजनाने भरणी करणे. यात कित्येक तास जातात. ग्राहक मात्र गॅसचे पैसे विनातक्रार देतो आणि मजुरीचा आकडा ऐकताच नाराज होतो, म्हणून आपण मजुरी गॅसच्या भावात दडविली. वाळ्याच्या कूलरची देखभाल गृहस्थ स्वतः करीत असे. टाकी घासणे, वाळा बदलणे, पंपाची जाळी साफ करणे त्याच्या डोळ्यांसमोर होई. वातानुकूलन यंत्राचे अंतरंग त्याला दिसत नाही, आणि म्हणूनच येथे त्याची सारी भिस्त कारागिराच्या शब्दावर असते. त्या विश्वासाला जागावयाचे असेल तर गॅसचे पैसे वेगळे आणि मजुरीचे पैसे वेगळे, असा स्वच्छ तपशील पावतीवर आला पाहिजे. कौशल्याचे मोल उघडपणे मागण्यात कमीपणा नाही. ते लपविण्यात आहे.

या कामात स्वतःच्या जीविताची उपेक्षा करू नये, हेही आग्रहाने सांगितले पाहिजे. नायट्रोजन हाताशी नाही म्हणून ऑक्सिजनने दाबचाचणी घेणे म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूला आमंत्रण आहे, कारण तेलाशी संयोग होताच त्याचा स्फोट होतो. आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेन, हा तर तीव्र ज्वलनशील. नळीत यांपैकी काही शिल्लक असताना टॉर्च पेटवू नये. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या छज्ज्यावर पट्टा न बांधता उतरू नये, आणि तशी सक्ती करणाऱ्या ग्राहकाचे काम नाकारण्याचा अधिकार प्रत्येक कारागिराला आहे.

शेवटी या प्रश्नाची व्याप्ती एका घरापुरती नाही. शंभर वर्षांच्या मापाने पाहिले असता एक किलो आर-४१०ए हवेत सुटणे हे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटण्याइतके तापकारक आहे. आर-२२ची हानीही फारशी कमी नाही, आणि तो ओझोनचाही शत्रू. आर-३२चे माप त्याहून पुष्कळ कमी असले तरी ते ६७५ पट आहेच. आर-४१०ए, आर-३२ यांसारख्या गॅसचा वापर घटविण्यासंबंधीच्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यापूर्वी मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन या आराखड्यात २०३७-३८ पर्यंत शीतकांची, म्हणजे यंत्रांतील या गॅसची, मागणी २५ ते ३० टक्क्यांनी घटविण्याचे आणि एक लाख सेवा-कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट नमूद आहे. हे उद्दिष्ट दिल्लीच्या कचेरीत सिद्ध होणार नाही. ते गच्चीवर, पाना हातात धरलेल्या कारागिराकडूनच सिद्ध होईल.

म्हणून आमची व्यवसायबंधूंना कळकळीची विनंती आहे, की या हंगामात प्रत्येक यंत्राची एक नोंद ठेवावी: गॅसचा प्रकार, भरलेले वजन, गळतीची जागा, क्लॅम्प मीटरने मोजलेला प्रवाह, आणि इनडोअरमध्ये शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान. तिची एक प्रत ग्राहकाला द्यावी आणि एक आपल्या दप्तरी राखावी. गळती न शोधता गॅस भरणार नाही, आणि फिल्टर व कॉइल धुतल्याखेरीज गेज लावणार नाही, एवढे दोन नियम प्रत्येकाने इमानेइतबारे पाळावेत. आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा याच दोन नियमांवर उभी राहील.