शेणखतही जास्त होते

शेणखत कितीही घातले तरी जमिनीचे भलेच होते, असे आपण धरून चालतो. उत्तर आयर्लंडमधील लॉख नेय तलावाचा अनुभव वेगळा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात या प्रचंड तलावावर नीलहरित शेवाळाची हिरवी साय पसरली. या शेवाळाच्या काही जातींचे विष यकृताला घातक असते, आणि तिथले सुमारे ४० टक्के पिण्याचे पाणी याच तलावातून येते.

सांडपाण्याचा दोष आहेच. पण मोठा वाटा भोवतालच्या कुरणांचा. गुरांना बाहेरून आणलेले पशुखाद्य घालतात. त्यातला बराचसा फॉस्फरस शेणातून जमिनीवर येतो. गवताची नत्राची भूक भागेल इतकी शेणाची स्लरी दिली, की फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त पडतो. नत्र बरेचसे उडून वा झिरपून जाते. फॉस्फरस मात्र मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमला चिकटून साठत राहतो आणि पावसाबरोबर थोडाथोडा तलावात उतरतो. आज स्लरी थांबवली तरी हा साठा ओसरायला दशके लागू शकतात.

म्हणून स्लरीचा हिशेब माती परीक्षणातल्या फॉस्फरसवरून व्हावा, आणि जास्तीचे शेण कमतरता असलेल्या शेतांत न्यावे. पाणीच जास्त असलेली स्लरी लांब नेणे महाग पडते, हे खरे. पण तो खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी का? स्वस्त दूध पिणाऱ्यांनीही त्यात वाटा उचलावा.